तोंड येणे आणि पेम्फिगस

तोंड आले की आपण उष्णता म्हणतो, गुलकंद खातो. साधे आलेले तोंड आठ-दहा दिवसांत बरे होते. तीन आठवडे उलटूनही व्रण भरत नसतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पेम्फिगस बहुधा तोंडातच सुरू होतो. अंगावर लिबलिबीत, सहज फुटणारे फोड पुढे काही महिन्यांनी येतात. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेच्या पेशींना जोडणारा दुवा तोडते. हा संसर्ग नव्हे; रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवू नये. निदान बायोप्सीने होते. स्टेरॉईडची आपल्याकडे फार धास्ती, पण ती येण्यापूर्वी बहुतेक रुग्ण दगावत. बरे वाटले म्हणून गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे. मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतात. फोड चिघळले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.