विणलेल्या लोकरीवरचे भरतकाम

स्वेटर, टोपी, बाळाचे मोजे विणून झाल्यावर त्यांवर सुईने काढलेली नक्षी म्हणजे हे काम. विणतानाच रंग बदलून उमटवलेली नक्षी विणीचा भाग असते. भरतकाम वरून चढते, उसवले तरी खालची वीण शाबूत राहते.

दुहेरी टाका : या कामाचा खास टाका. सुलट बाजूचा प्रत्येक टाका इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो. सुई त्याच्या तळाच्या टोकातून वर काढायची, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांखालून आडवी न्यायची आणि पुन्हा त्याच तळात खाली घालायची. मूळ टाका नव्या रंगाने झाकला जातो. ओढ जास्त झाली तर वीण आक्रसते. कोपर, टाच अशा विरलेल्या जागाही याच टाक्याने बळकट करतात. दुसरे नाव स्विस डार्निंग.

आलेख : मध्यम जाडीच्या लोकरीचे 10 सेंमी चौरसात साधारण 22 टाके आणि 30 ओळी बसतात. टाका उंचीपेक्षा रुंद असल्याने एक चौकट म्हणजे एक टाका धरून चौकटीच्या कागदावर काढलेले वर्तुळ लोकरीवर बसके उतरते.

साहित्य : बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई; टोकदार सुई लोकर चिरते. धागा मूळ लोकरीइतकाच जाड. बारीक धाग्यातून खालचा रंग डोकावतो.

मोकळे टाके : विणीच्या टाक्यांना धरून न चालणारे, जसे साखळी, गाठीचा टाका, लेझी डेझी (पाकळीसारखी सुटी साखळी).

टी-शर्ट : हेही विणलेलेच कापड, फक्त यंत्रावर आणि फार बारीक. ताणून रिंगमध्ये बसवले तर सोडल्यावर नक्षीभोवती सुरकुत्या पडतात. त्यामुळे मागे आधाराचा कागद लावतात. भरतकामाच्या यंत्राला गोल टोकाची सुई लागते.