नरडं फुटल्यावर

मागे डिंगोऱ्याला घरी गेलो होतो, तेव्हा रात्री बिबट्याने गोठ्यातली शेळी धरली. जुन्नरकरांना यात नवल नाही. आरडाओरडा झाल्यावर तो तिला टाकून उसात शिरला. शेळी जिवंत होती, पण श्वास घेताना मानेच्या जखमेतून फसफस हवा येत होती. "नरडं फुटलं, आता काय राहत नाय," आजोबा म्हणाले. पहाटे ती गेली.

मी कूर्चेवर संशोधन करतो, म्हणून ते वाक्य डोक्यात राहिलं. श्वासनलिका म्हणजे कूर्चेच्या एकाखाली एक कड्या आणि मधे पातळ पडदा. कूर्चा कापली की पुन्हा सांधत नाही, असं प्राचीन ग्रीक वैद्य अरेटियस सांगायचा. त्यामुळे घसा सुजून माणूस गुदमरत असला, तरी खाली भोक पाडून श्वास मोकळा करायला वैद्य धजत नसत. कृती माहीत होती बरं का! तिसऱ्या-चौथ्या कडीखाली, कूर्चा टाळून, मधल्या पडद्यात आडवा छेद घ्यायचा. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या अल-झहरावीने (मृत्यू सुमारे 1013) ती आपल्या 'अल-तसरीफ' या ग्रंथात दिली, पण आपल्या मुलखात कुणी ती केलेली पाहिली नाही, हेही लिहिलं.

मात्र त्याच्यापुढे एक दासी आली. तिने स्वतःच्या गळ्यावर सुरी चालवली होती. जखमेतून हवा येत होती, पण मोठी रक्तवाहिनी तुटलेली नव्हती. त्याने जखम शिवली. ती वाचली, आवाज तेवढा घोगरा झाला. यावरून त्याने लिहिलं की श्वासनलिकेतला छेद जीवघेणा नाही.

पण हा झाला योगायोग. सेव्हिलच्या इब्न झुहरने (मृत्यू 1162) मुद्दाम करून पाहिलं, आणि तेही शेळीवर. कातडी आणि खालचं आवरण कापून त्याने श्वासनलिकेला कडधान्याच्या दाण्याहून लहान भोक पाडलं. मग मध-पाण्याने जखम धूत राहिला. जखम भरली आणि शेळी पुढे बराच काळ जगली. माणसावर हत्यार चालवण्याआधी जनावरावर खात्री करायची, हे मला त्या शस्त्रक्रियेइतकंच मोठं वाटतं.

मग आमची का मेली? बिबट्याचा दात म्हणजे वैद्याची सुरी नव्हे. तो नळी चिरडतो, शिरा फाडतो, रक्त फुफ्फुसात उतरतं. भोक हे त्यातलं सगळ्यात किरकोळ.

हे सगळं आजोबांना सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "मध? शेळीला?"