गुणसूत्रं मोजणाऱ्या पॅट्रिशिया जेकब्ज

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हे नक्की झालं १९५६ साली. त्याआधी तीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत ४८ हा आकडा छापून येई आणि विद्यार्थी तोच पाठ करीत. हा हिशेब दुरुस्त होऊन तीन वर्षं होतात न होतात, तोच एडिंबरामध्ये पॅट्रिशिया जेकब्ज या चोविशीतल्या संशोधिकेला एका रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशींत ४७ गुणसूत्रं सापडली. दोन एक्स आणि एक वाय! रुग्ण क्लाइनफेल्टर सिंड्रोमचा. अशा पुरुषांची वृषणं लहान राहतात आणि वीर्यात बहुधा शुक्राणू नसतात. फळमाशीत नर-मादी ठरतं एक्सच्या संख्येवरून, तेव्हा माणसातही तसंच असणार, असा समज होता. दोन एक्स असूनही हा माणूस पुरुषच होता. म्हणजे पुरुषत्वाची किल्ली वायकडे. जॉन स्ट्राँग यांच्यासह लिहिलेला तो छोटासा निबंध जानेवारी १९५९च्या ‘नेचर’मध्ये आला. एडिंबराला गेले तेव्हा वाट वाकडी करून मी वेस्टर्न जनरल हॉस्पिटलच्या आवारात जाऊन आले, ते या निबंधापायी.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. १९६५मध्ये त्यांनी जादा वाय असलेल्या पुरुषांचा संबंध आक्रमकतेशी जोडला. निबंधाच्या शीर्षकात तो शब्द वापरायला नको होता, असं पुढे त्यांनीच जाहीरपणे म्हटलं. नंतर हवाई, मग इंग्लंडमधलं सॉल्झबरी, १९९३मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हवाईतलं काम. तिथे त्यांनी आणि टेरी हॅसोल्ड यांनी आपोआप पडलेल्या गर्भांची गुणसूत्रं चिकाटीनं तपासली. अशा अभ्यासांतून आज पक्कं ठाऊक आहे की, पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांचा हिशेबच चुकलेला असतो. जड उचललं, जिना चढली, पपई खाल्ली, यातल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नसतो.

त्यातही द्राक्षगर्भाची गोष्ट विलक्षण. त्याच्या ‘पूर्ण’ प्रकारात गर्भाशयात बाळ नसतंच. वारेच्या ऊतींचे पाण्यानं भरलेले फुगे घोसासारखे वाढत जातात. पूर्ण द्राक्षगर्भात केंद्रकातली सगळी गुणसूत्रं पित्याकडूनच आलेली असतात, हे १९७७मध्ये जपानच्या काजी आणि ओहामा यांनी दाखवलं. जेकब्ज यांच्या गटानं १९८०मध्ये ते कसं घडतं याचा माग काढला. गुणसूत्रांवरच्या काही खुणा माणसागणिक वेगळ्या असतात आणि वारशानं येतात. आई, वडील आणि द्राक्षगर्भ अशा तिघांच्या खुणा ताडून पाहिल्या, की कुठलं गुणसूत्र कोणाचं ते कळतं. बहुतेक वेळा बीजांडातली आईची गुणसूत्रं नाहीशी झालेली असतात आणि एकाच शुक्राणूची २३ दुप्पट होऊन ४६ होतात. आकडा बरोबर, तरी बाळ नाही! कारण काही जनुकं आईकडूनच आली तर काम करतात, काही वडिलांकडूनच. बाळ घडायला दोघांचाही वाटा लागतो.

आणि आपल्याकडे? गर्भ टिकला नाही की खापर सुनेच्या माथी. एका प्रसूतिगृहात तिसऱ्यांदा गर्भ गमावलेली मुलगी सासूपुढे मान खाली घालून बसलेली मी पाहिली आहे. नवऱ्याला कोणी काही विचारलंही नव्हतं.

वडीलधाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : घरात वारंवार गर्भपात होत असतील, तर सुनेला बोल लावू नका. नवरा-बायको दोघांनाही डॉक्टरांकडे पाठवा आणि दोघांच्याही गुणसूत्रांच्या तपासणीबद्दल विचारा.