शाळेतले औषध आणि शाळेतली पहिली घटका

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील जोहे आणि शेजारचे हमरापूर ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे सर्वदूर ओळखली जात असली, तरी शाळकरी मुलांच्या आजारपणाच्या बाबतीत त्यांची स्थिती ग्रामीण महाराष्ट्रातील इतर गावांसारखीच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत परिचारिका नसते; त्यामुळे मूल तापाने फणफणले, खेळताना पडले किंवा त्याला काही चावले, तर सर्वांत आधी त्याच्याजवळ पोहोचतात ते गुरुजी किंवा बाई.

औषध देण्याचे काम या शिक्षकांना नवे नाही. २०१५ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते आणि तिची शिस्त पक्की ठरलेली आहे: गोळी शिक्षकांच्या देखत चावून खायची, ती घरी न्यायला द्यायची नाही, त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला ती द्यायची नाही, राहिलेल्यांना पुढच्या ठरलेल्या दिवशी द्यायची आणि प्रत्येकाची नोंद ठेवायची. रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, टाळण्यासाठी किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळीही अशीच जेवणानंतर, पोटात अन्न असताना द्यायची असते, आणि तिच्यामुळे शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नये, हे मुलांना आधीच सांगायचे असते.

हीच शिस्त मुलाच्या स्वतःच्या औषधाला मात्र क्वचितच लाभते, आणि खरी उणीव तिथे आहे. दमा असलेल्या मुलाला धुळीचा त्रास अधिक होतो, आणि मूर्तिकामाच्या गावात प्लास्टरची भुकटी हवेत मिसळणे अगदी स्वाभाविक आहे; अशा मुलाचा इनहेलर, म्हणजे औषध श्वासावाटे थेट फुप्फुसात पोहोचवणारा फवारा, दप्तराच्या तळाशी किंवा कुलूपबंद कपाटात असून उपयोगाचा नाही, तो क्षणात हाती लागला पाहिजे. औषध मूळ वेष्टनात असावे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांची लेखी संमती असावी, आणि दिलेल्या प्रत्येक मात्रेची वेळ वहीत लिहिली जावी, एवढी व्यवस्था कोणत्याही शाळेला विनाखर्च करता येते. याउलट, ताप आला म्हणून टेबलाच्या खणातली मोठ्या माणसांची गोळी अर्धी करून देणे धोक्याचे असते, कारण मुलाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते, आणि अॅस्पिरिनसारखे औषध तर तापलेल्या मुलाच्या यकृताला व मेंदूला गंभीर इजा करू शकते.

फिट आलेल्या मुलाला कांदा किंवा चप्पल हुंगवणे आणि त्याच्या दातांत चमचा घालणे हे प्रकार अजूनही सर्रास घडतात. वास्तविक त्याला कुशीवर वळवून आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे आणि झटके पाच मिनिटांहून अधिक चालले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, एवढेच करायचे असते.

रायगड जिल्ह्याने या विषयाला दिलेले सर्वांत मोठे ज्ञान विंचूदंशाचे आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरातील स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे हृदयाचे ठोके व रक्तवाहिन्या यांवर आपोआप नियंत्रण ठेवणारी यंत्रणा, इतकी खवळते की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांची रात्रंदिवस निरीक्षणे नोंदवली आणि आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे, मुळात रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे तोंडाने घ्यायचे स्वस्त औषध या दंशावर उपयोगी ठरते, हे दाखवून दिले; त्यांचे हे काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिनपूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांमध्ये सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण पुढे या औषधाने, विंचवाच्या प्रतिविषाने आणि अतिदक्षता उपचारांनी एक टक्क्याच्या आसपास आले.

या संशोधनातून शिक्षकांनी नेमके काय घ्यावे, तर धोक्याची लक्षणे. मूल वेदनेने किंचाळत असेल तर सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते, परंतु वेदना फारशी नसताना ओकाऱ्या होणे, दरदरून घाम फुटणे, लाळ गळणे आणि हातपाय गार पडणे ही विष अंगात भिनल्याची चिन्हे होत, आणि अशा वेळी विंचू उतरवणाऱ्याकडे घालवलेला अर्धा तास जीवघेणा ठरू शकतो. सर्पदंशातही करकचून बांधणे किंवा जखम कापणे टाळून, दंश झालेला अवयव हलू न देता मुलाला तातडीने रुग्णालयात नेणे हेच योग्य. जोह्याहून पेणच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघालेल्या मुलासोबत शिक्षकाने एक कागद द्यावा आणि त्यावर दंश किती वाजता झाला, पहिली ओकारी केव्हा झाली, हातपाय कधी गार पडले आणि आधी काही औषध दिले असल्यास कोणते व किती, हे लिहावे, कारण तिथल्या डॉक्टरांना पहिला निर्णय त्या वेळांवरूनच घ्यायचा असतो.