नव्याण्णवानंतर काय?

फेब्रुवारीत जेईई मेनच्या जानेवारी सत्राचा निकाल लागला, की चांगले गुण मिळालेल्या घरांतही वाद सुरू होतो. गुण कमी असतील तर प्रश्न नसतो. एप्रिलला पुन्हा बसायचे हे ठरलेलेच. पेच पडतो तो नव्याण्णव पर्सेंटाइलवाल्याला. यंदा माझ्या भाचीला ९९.१ मिळाले. ताई म्हणाली, ‘पुरे झाले, आता बारावीकडे बघ.’ भावोजी म्हणाले, ‘बसायला काय जाते? चांगले तेच धरतात ना?’ भाचीने माझ्याकडे पाहिले. दोघांचे म्हणणे मला तपासून पाहावेसे वाटले.

आधी आकडा समजून घेऊ. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्या पाळीत आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती, एवढेच तो सांगतो. म्हणून प्रत्येक पाळीतल्या पहिल्याला १०० मिळतात, मग त्याचे गुण ३००पैकी कितीही असोत. २०२५मध्ये दोन्ही सत्रे मिळून सुमारे १४ लाख ७५ हजार मुले परीक्षेला बसली. या हिशेबाने ९८ म्हणजे साधारण २९,५००वा क्रमांक, ९९ म्हणजे १४,७५० आणि ९९.५ म्हणजे ७,३७५. वर जावे तसा अर्धा पर्सेंटाइलही क्रमांक निम्म्यावर आणतो. भावोजींच्या म्हणण्यात तथ्य होते ते इथे.

पण तो अर्धा पर्सेंटाइल मिळण्याची शक्यता किती? पेपरात ७५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला वजा एक. म्हणजे अंदाजाने सोडवलेले तीन प्रश्न इकडचे तिकडे झाले तर १५ गुणांचा फरक पडतो. मोठ्या गुणांत अभ्यासाबरोबर नशिबाचाही थोडा वाटा असतो, आणि तो दुसऱ्यांदा मिळेलच असे नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६मध्ये आईवडील व मुलांच्या उंचीचा अभ्यास करून दाखवले, की फार उंच आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी बुटकी निघतात. सरासरीकडे परतण्याचा हाच कल परीक्षांतही दिसतो. शिवाय पर्सेंटाइल सापेक्ष आहे. एप्रिलपर्यंत इतरांचाही अभ्यास पुरा झालेला असतो. आपण सुधारलो एवढ्याने भागत नाही, इतरांपेक्षा जास्त सुधारावे लागते.

तरीही दोन सत्रांपैकी वरचा गुण धरला जातो, त्यामुळे दुसऱ्यांदा बसून पहिला आकडा खाली येत नाही. धोका आहे तो वेळेचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची लेखी परीक्षा, एप्रिल-मेमध्ये राज्याची सीईटी, मेमध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. आयआयटी किंवा एनआयटीसाठी बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५) किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. ताईची काळजी हीच होती.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: मला जिथे जायचे आहे, तिथे हा आकडा पाहतात का? आयआयटीसाठी मेन ही केवळ चाळणी आहे. तिच्यातून सुमारे अडीच लाख मुले अ‍ॅडव्हान्स्डला पात्र ठरतात. पुढे प्रवेश अ‍ॅडव्हान्स्डच्या क्रमांकावर. तिथे ९९.१ आणि ९९.६ सारखेच. एनआयटीचे मात्र मेनवरच ठरते. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात, आणि तिथे कोणती शाखा मिळेल हे काही हजार क्रमांकांच्या फरकाने बदलू शकते. दुसरा प्रश्न: गुण गेले कुठे? उत्तरतालिका आणि आपण नोंदवलेली उत्तरे पाहायला मिळतात. चुका एकदोन न झालेल्या प्रकरणांतल्या असतील तर दोन महिन्यांत भरून निघतात. विखुरलेल्या असतील तर आकडा पुन्हा तिथेच घुटमळण्याची शक्यता अधिक.

वर्ष गाळून पुन्हा बसण्याला मात्र हा हिशेब लावू नये. मेनचा गुण त्या वर्षापुरताच चालतो; पुढच्या वर्षी पाटी कोरी. नीटचेही तसेच. अ‍ॅडव्हान्स्ड तर लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. तिथे ‘बसायला काय जाते’ या प्रश्नाचे उत्तर ‘हातातली जागा’ असे आहे.

भाचीला व्हीएनआयटीत संगणक शाखा हवी होती आणि तिच्या सातपैकी चार चुका एकाच प्रकरणातल्या निघाल्या. बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर तिने ते प्रकरण पक्के केले आणि एप्रिलला बसली. मिळाले ९८.७. जानेवारीचाच आकडा धरला गेला. ‘सांगत होते ना,’ ताई म्हणाली. मला तसे वाटत नाही. नाणेफेकीत हरलेल्याचा निर्णय चुकीचाच असतो असे नाही. निर्णय तपासायचा तो घेताना हाती काय होते यावरून. तिने काय मिळू शकते आणि काय जाऊ शकते हे आधी मोजले होते. गेले ते तीन आठवडे, आणि ते गेले तर चालतील हे तिने आधीच ठरवले होते.