‘बरं हाय’ म्हणजे बरं असतंच असं नाही

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपानं लातूरच्या किल्लारीसारखंच धाराशिवचं सास्तूरही उद्ध्वस्त केलं. पुढे दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्यांनी धाराशिव जिल्ह्याची पाठ सोडली नाही. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका, घरोघरी मनाची विचारपूस करू लागल्या. अशा विचारपुशीला आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं: ‘बरं हाय, ताई.’

रुग्ण मान डोलावतो म्हणजे उपचार लागू पडतायत, हा पहिला गैरसमज. अमेरिकेत ब्लँचर्ड आणि फार्बर या संशोधकांनी ५४७ जणांना विचारलं, तेव्हा ९३ टक्के लोकांनी आपल्या थेरपिस्टशी कधी ना कधी खोटं बोलल्याचं कबूल केलं. निम्म्याहून अधिकांनी कमी करून सांगितला होता तो स्वतःचाच त्रास.

मग रुग्ण लबाड का? मुळीच नाही. ज्याच्यावर घरच्याच माणसानं हात टाकला, तो मनातलं झाकूनच जगायला शिकलेला असतो. समोरचा कितीही मायाळू असो, आधी धोका चाचपला जातो. खाण्याच्या विकारात तर हे काट्यावरच येतं. वजनाआधी तांब्याभर पाणी पिऊन आलेल्या मुलीला घरचे ‘फसवते’ म्हणतात. वजन वाढवा म्हणणारा डॉक्टर तिला वैऱ्यासारखा वाटत असतो, पण ते बोलायची सोय नसते. वर उपवासाचं निमित्त हाताशी असतंच.

उपचार करणाऱ्याचा राग येणं म्हणजे कृतघ्नपणा, ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. डॉक्टरला देव मानणाऱ्या घरात हा राग गिळला जातो आणि एक दिवस रुग्ण यायचाच थांबतो. जुन्या माणसांविषयीच्या भावना नव्या माणसावर उतरतात; याला ट्रान्सफरन्स म्हणतात. डोरा नावानं ओळखली जाणारी तरुणी फ्रॉइडचे उपचार ११ आठवड्यांत सोडून गेली. ही उतरलेली भावना आपल्याला वेळेत हाताळता आली नाही, हे त्यानं १९०५मध्ये छापून मान्य केलं. तेव्हा ‘मुरलेल्या डॉक्टरला न सांगता कळतं’ हेही खरं नाही.

अर्थात प्रत्येक राग जुनाच नसतो. विश्वास बसण्याआधीच भूकंपाची ती पहाट उकरायला लावली, तर चूक समुपदेशकाची. म्हणून त्यानंच दर भेटीत विचारावं, ‘मागच्या वेळी माझं काही खटकलं का?’ तोंडानं सांगवत नसेल, तर रुग्णानं चिठ्ठीवर एवढंच लिहून द्यावं: ‘तुमचं ते बोलणं मला लागलं.’