झाडाचे नाव आणि शहराची नोंदवही

शहराने आपल्या हद्दीतील झाडे मोजावीत ही अपेक्षा आता केवळ सदिच्छेची राहिलेली नाही. ती कायद्याची आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ साली जो कायदा झाला, त्याने वृक्ष प्राधिकरणांवर दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. २०२१ साली या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गणनेचे महत्त्व अनेक पटींनी वाढविले. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसावृक्षाचे स्थान मिळाले. आणि असे झाड तोडण्याची परवानगी द्यावीच लागली, तर त्याचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत असा दंडक घालण्यात आला. हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु हा सारा डोलारा ज्या एका गोष्टीवर उभा आहे, तिचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही. ती गोष्ट म्हणजे झाडाचे नाव.

झाडाच्या वयाचा दाखला कोणाजवळ नसतो. खोड कापून वलये मोजावीत, तर झाड वाचविण्याचा हेतूच संपतो. म्हणून छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजावयाचा आणि त्या जातीचे झाड वर्षाकाठी किती वाढते या हिशेबाने वयाचा अंदाज बांधावयाचा, ही रूढ रीत होय. म्हणजे घेरापासून वयापर्यंत पोहोचण्याची वाट जातीच्या नावावरून जाते. आपल्याकडे शिरीष या एकाच नावाने दोन वेगळी झाडे ओळखली जातात. एक आपला देशी शिरीष. दुसरा मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेला, झपाट्याने वाढणारा आणि छत्रीसारखा पसरणारा पर्जन्यवृक्ष, ज्यास लोक रेन ट्री किंवा विलायती शिरीष म्हणतात. देशी शिरीषाची नोंद रेन ट्री म्हणून झाली, तर त्याचे वय कागदोपत्री घटते आणि पन्नाशी ओलांडलेले झाड वारसावृक्षाच्या संरक्षणाला मुकते. उलट चूक झाली तर कोवळ्या झाडास वडीलकीचा मान मिळतो. दोन्ही प्रकारांत कायद्याचे शब्द जागच्या जागी राहतात. त्यांतला अर्थ मात्र निघून जातो.

नावांचा हा गोंधळ शिरीषापुरता नाही. बंगल्यांच्या कुंपणालगत सरळसोट उभी असणारी झाडे आपण सर्रास अशोक म्हणून ओळखतो. वस्तुतः तो आसुपालव, सीताफळाच्या कुळातला. खरा सीताअशोक शेंगा धरणाऱ्या झाडांच्या कुळातला, केशरी-तांबड्या फुलांचा, आणि शहरांतून दुर्मीळ. कडुनिंब आणि बकाणनिंब यांचीही अशीच गल्लत होते. गणना करणाऱ्याने अशोक असे लिहिले की हजारो आसुपालव सीताअशोकाच्या खात्यावर जमा होतात, आणि दुर्मीळ झाड शहरात मुबलक असल्याचा शोध लागतो!

शास्त्रीय नावही अढळ नव्हे

यावर कोणी म्हणेल, की बोलीभाषेतील नावे सोडून लॅटिन नावे लिहावीत म्हणजे झाले. लिनीयसने १७५३ साली दुपदरी नावांची पद्धत वनस्पतिसृष्टीला सरसकट लागू केली, ती याच अडचणीवरचा उपाय म्हणून, हे खरे. तथापि शास्त्रीय नावही ज्ञानाबरोबर बदलते. आपल्या बाभळीचेच उदाहरण घ्या. जुन्या ग्रंथांत ती अकेशिया अरेबिका होती, पुढे ती अकेशिया निलोटिका झाली. मग संशोधकांना आढळून आले, की अकेशिया या नावाखाली एकत्र बांधलेली झाडे एका वंशाची नाहीत. हे नाव कोणत्या गटाकडे राहावे यावर मोठा वाद झाला. २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत कौल ऑस्ट्रेलियातील झाडांच्या बाजूने लागला आणि २०११ साली मेलबर्न येथे तो कायम झाला. तेव्हापासून आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका आणि खैर सेनेगालिया कटेचू या नावाने लिहिला जातो. बांधावरची बाभूळ होती तिथेच आहे. पण ज्या नोंदवहीत तिन्ही काळांतील नावे जशीच्या तशी उतरली असतील, तेथे एका बाभळीच्या तीन जाती होतात.

हे जाणणारी विद्या म्हणजे वर्गीकरणशास्त्र, आणि या विद्येत मराठवाड्याची उपेक्षा जुनी आहे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला, त्याच्या कक्षेत मराठवाडा येत नव्हता. कारण तो निजामाच्या राज्यात होता. कोकण, देश आणि खानदेश यांतील झाडाझुडपांची शास्त्रीय नोंद होत असताना हा प्रदेश कोराच राहिला. ही उणीव भरून निघाली ती येथील विद्यापीठामुळे. १९५८ साली औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तेथील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक डॉ. व्ही. एन. नाईक यांनी १९७९ साली उस्मानाबाद जिल्ह्याच्या, आजच्या धाराशिवच्या, वनस्पतींवरील ग्रंथ दिला आणि १९९८ साली सहकाऱ्यांसह 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा द्विखंडी ग्रंथ सिद्ध केला. रानोमाळ हिंडून नमुने गोळा करणे, ते वाळवून कागदावर चिकटविणे, फुलाचा एकेक भाग उकलून पाहणे, अशा कष्टांतून असा ग्रंथ उभा राहतो. ज्या नावामागे जपून ठेवलेला नमुना आहे, ते नाव पुन्हा तपासता येते. ज्यामागे तो नाही, ते केवळ मत असते.

यंत्राकडून कोणती अपेक्षा ठेवावी?

आजची वृक्षगणना उपग्रहांच्या साहाय्याने स्थान टिपणाऱ्या यंत्रावर आणि संगणकावर होते. तेव्हा या विषयात सॉफ्टवेअरच्या शास्त्राचाही संबंध येतो. दोन्ही विद्यांचे नाते वाटते तितके दूरचे नाही. लामार्कने १७७८ साली फ्रान्सच्या वनस्पतींसाठी ओळख पटविण्याची जी कुंजी वापरली, तीत प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय असत: पाने समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या. एकेक प्रश्नाचे उत्तर देत वाचक नावापर्यंत पोहोचतो. आजच्या आज्ञावलीतील 'असे असेल तर' या रचनेशी या कुंजीचे साम्य उघड आहे.

अलीकडे मात्र ओढा छायाचित्रावरून यंत्राने जात ओळखण्याकडे आहे. या संशोधनात 'फ्लाविया' नावाचा एक चिनी संग्रह फार वापरला गेला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या संग्रहात ३२ जातींच्या १९०७ पानांची, पांढऱ्या पार्श्वभूमीवरील स्वच्छ चित्रे आहेत. त्यांवर आज्ञावली चालवून शेकडा नव्वदच्या वर अचूकता मिळाली, असे सांगणारे निबंध विपुल आहेत. अभ्यासाची पहिली पायरी म्हणून हे ठीक आहे. पण यांगत्झी नदीच्या खोऱ्यातील ३२ जातींवर मिळालेले यश सिडकोतील रस्त्याकडेच्या, धुळीने माखलेल्या आणि चैत्रात पानगळ झालेल्या झाडाविषयी काय सांगणार? फांदी मोडल्यावर येणारा चीक, सालीचा वास, पानाच्या पाठीवरील लव यांतले काहीच रस्त्यावरून घेतलेल्या छायाचित्रात येत नाही. यंत्राने संभाव्य नावे सुचवावीत. निवाडा जाणकाराने करावा, हाच योग्य क्रम होय.

सॉफ्टवेअरच्या शास्त्राकडून शिकावयाचे आहे ते वेगळेच. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हा शब्द रूढ झाला, तो मोठमोठ्या आज्ञावली कोलमडू लागल्या होत्या म्हणून. त्यानंतर या शास्त्राने काही साधे नियम घालून घेतले. वस्तूची ओळख आणि वस्तूचे वर्णन यांची सरमिसळ करू नये. एक माहिती एकाच ठिकाणी ठेवावी. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद पुसली जाऊ नये. वृक्षगणनेला हे नियम लावले, तर प्रत्येक झाडास न बदलणारा क्रमांक मिळेल. त्याच्या जातीचे नाव एका स्वतंत्र, वनस्पतितज्ज्ञांनी सांभाळलेल्या यादीतून येईल. आणि बाभळीचे नाव बदलले तर ते एकाच ठिकाणी दुरुस्त करावे लागेल. पूर्वीच्या गणनेतील झाड पुढच्या गणनेत नाहीसे झाले, तर नोंदवहीच तो प्रश्न विचारील. तोडलेल्या झाडाचा मागमूस न राहणे हा ज्या शहरात नित्याचा प्रकार असतो, तेथे या प्रश्नाचे मोल मोठे आहे.

या शहरापुरते

छत्रपती संभाजीनगर हे बावन्न दरवाजांचे शहर तसेच बागांचे आणि नहरींचेही. हिमायतबागेचा मोगलकालीन विस्तार आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. दिल्ली दरवाजाबाहेर सलीम अली सरोवराची झाडी आहे. विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार लेण्यांच्या डोंगराला भिडले आहे. प्रियदर्शिनी उद्यानातील नियोजित स्मारकासाठी झाडे तोडण्यावरून २०१९ साली जो वाद झाला, तो अनेकांच्या स्मरणात असेल. अशा वादात एक बाजू भावनेने बोलते, दुसरी विकासाच्या नावाने. आणि कोणते झाड, किती वयाचे, याचे दोघांनाही मान्य असे उत्तर हाताशी नसेल तर निर्णय जोराच्या आवाजाकडे जातो.

दुसरी निकड रोगराईची आहे. फ्रँक सँटामोर या अमेरिकन वृक्षतज्ज्ञाने १९९० साली असे सुचविले, की शहरातील झाडांत एका जातीची झाडे शेकडा दहाहून, एका प्रजातीची वीसहून आणि एका कुळाची तीसहून अधिक नसावीत. म्हणजे एका रोगाने सारे शहर उघडे पडणार नाही. २०२१ च्या सुमारास तेलंगणात कडुनिंबाच्या झाडांना शेंडेमर रोगाने ग्रासले, तेव्हा ही भीती आपल्या दाराशी आली. जेथे कडुनिंब रस्तोरस्ती आहे, तेथे त्याचे प्रमाण नेमके किती हे ठाऊक असणे ही चैन नव्हे. जाती, प्रजाती आणि कुळे नीट ठरल्याशिवाय हा हिशेब मांडताच येत नाही.

एवढी काटेकोर गणना खर्चाची आणि वेळखाऊ होईल, हा आक्षेप अपेक्षित आहे. त्यात तथ्यही आहे. ठेकेदाराच्या माणसाला दिवसाकाठी ठरावीक झाडे उरकावयाची असतात. पण सर्वच झाडे तज्ज्ञाने पाहण्याचे कारण नाही. दहा-वीस परिचित जातींतच बहुसंख्य झाडे येतात. शंकास्पद झाडे, वारसावृक्षाच्या वयाजवळ आलेली झाडे आणि नमुन्यादाखल निवडलेली काही, एवढी तपासली तरी पुरे. न्यूयॉर्कने २०१५ साली दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीने रस्त्यांकडेच्या सुमारे ६ लाख ६६ हजार झाडांची नोंद केली आणि ती नकाशावर सर्वांना खुली ठेवली. येथे तर वनस्पतिशास्त्र आणि संगणकशास्त्र हे दोन्ही विभाग एकाच विद्यापीठाच्या आवारात आहेत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात. परक्या पानांच्या चित्रांवर आज्ञावली चालविण्याऐवजी त्यांनी मराठवाड्याच्या झाडांचा, प्रत्येक ऋतूतील छायाचित्रांचा आणि वाळविलेल्या नमुन्यांचा संग्रह उभारला, तर ते संशोधन याच मातीत उपयोगी पडेल.

महानगरपालिकेने पुढील गणनेच्या निविदेतच तीन अटी घालाव्यात: झाडास कायम क्रमांक असावा, शंकास्पद नावामागे विद्यापीठाने तपासलेला नमुना असावा, आणि संपूर्ण नोंदवही नागरिकांस पाहावयास खुली असावी. या अटींसाठी नवा कायदा नको, नवे मंडळही नको. २०२१ च्या दुरुस्तीने झाडाच्या वयाला किंमत दिली आहे. ती किंमत वसूल व्हावयाची असेल, तर झाडाचे नाव आधी बिनचूक लिहिले गेले पाहिजे.